वेलींची रोपें कशीं करावीं?

पुष्कळ घरांच्या अंगणांत जाईची एखादी जुनी वेल असते. ती कोणीं लावली हें मुलांस ठाऊक नसतें. ती सदैव तेथेंच राहील असें मात्र सर्वांस वाटतें. परंतु एखाद्या उन्हाळ्यांत विहीर आटते, किंवा बुंध्यास वाळवी लागते, आणि वेल जाते. बागेंतील जाईस बहुधा बी धरत नाहीं. म्हणून वेलीबरोबर तिचा वंशहि जातो. यास्तव वेल जोमांत असतांनाच तिचीं दुसरीं रोपें करून ठेवावीं. यास पैसा लागत नाहीं; धारेचा चाकू, माती व धीर एवढेंच लागतें.

प्रथम कारण समजून घेऊं. पानांतून पाणी वाफेच्या रूपानें सतत बाहेर जातें, व मुळ्या तें भरून काढितात. फांदी कापली म्हणजे खर्च चालू राहतो, पण आवक बंद पडते. मुळ्या फुटेपर्यंत फांदीस वाळूं न देणें, हेंच कलमाचें मर्म होय.

१. दाबकलम. जाई, जुई, मोगरा व कुंद यांस ही रीत उत्तम. हींत फांदी आधीं तोडावयाची नसते, म्हणून नवशिक्यानें हिच्यापासून आरंभ करावा. पावसाळा सुरू होतांच जमिनीजवळची, शिसपेन्सिलीएवढी जाड फांदी निवडावी. शेंड्यापासून सुमारें हातभर अंतरावर, डोळ्याच्या खालीं तिरपा काप द्यावा, व तो मिटूं नये म्हणून त्यांत बारीक काडी घालावी. तो भाग चार बोटें खोल पुरून वर धोंडा ठेवावा. शेंडा बाहेर राहूं द्यावा. पानांत तयार झालेलें अन्न सालींतून खालीं उतरतांना कापापाशीं अडतें, आणि तेथें मुळ्या फुटतात. दोन-अडीच महिन्यांनीं माती हळूच बाजूस सारून पाहावें. मुळ्यांचा झुबका दिसला तरच फांदी मूळ वेलीपासून तोडावी. नाहींतर पुन्हा झांकावी.

२. छाटकलम. बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेंतील. १७६६ ते १७६९ या काळांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या बोगनव्हिल या फ्रेंच दर्यावर्द्याचें नांव तिला मिळालें आहे. आपल्याकडे तिलाहि बी क्वचितच धरतें. ती गांवोगांव पसरली ती बहुधा कापलेल्या फांद्यांनींच. तिची जून, तर कृष्णकमळाची अर्धवट जून फांदी घ्यावी. वीतभर लांबीच्या, तीन-चार डोळ्यांच्या कांड्या कराव्या. खालचा काप डोळ्यालगत आडवा व वरचा तिरपा द्यावा, म्हणजे कांडी उलटी लागत नाहीं. खालचीं पानें काढून दोन डोळे मातींत जातील अशी कांडी सावलींत लावावी. मातींत निम्मी वाळू असावी. ओल हवी, पण पाणी सांचूं नये, तळ कुजतो.

येथें पुष्कळजण फसतात. कांडीस पालवी फुटली म्हणजे ती जगली असें समजून ते तिला उपटून दुसरीकडे लावतात. ती पालवी कांडींतील सांठलेल्या अन्नावर फुटलेली असूं शकते. खालीं एकहि मुळी नसते. पालवीनंतरहि महिनाभर थांबावें. मधुमालतीच्या बुंध्याभोंवतीं मात्र आपोआप धुमारे फुटतात. ते मुळीसकट खणून लावावे.

३. बी. गोकर्णाची बी टणक असते. ती रात्रभर कोमट पाण्यांत भिजवून पेरावी. बियांचें रोप हुबेहूब मूळ वेलीसारखें होईलच असा नेम नाहीं. कलमाचें रोप मात्र त्याच वेलीचें अंग असतें.

सावधगिरी. कळलावीचीं ज्वाळेसारखीं फुलें पाहून तिचे कंद अंगणांत लावण्याचा मोह होतो. ही वेल विषारी आहे. कंद व बिया विशेष घातक आहेत. खाण्याचा कंद समजून तो खाल्ल्यानें माणसें दगावलीं आहेत. ज्या घरीं लहान मुलें आहेत तेथें ती लावूंच नये. कोणीं चुकून खाल्ली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां त्यास ताबडतोब दवाखान्यांत न्यावें.

शेवटीं एक सूचना. तयार झालेलें एक रोप अवश्य शेजाऱ्यास द्यावें. आपली वेल वाळली, तर त्याच्या दारची फांदी आपल्या अंगणांत परत येईल.

अभ्यासाकरितां प्रश्न
१. कापलेली फांदी कां वाळते?
२. दाबकलमांत साल कापण्याचें प्रयोजन काय?
३. पालवी फुटली तरी रोप कां हलवूं नये?