इंग्रजीतलं ‘अहो’ कुठे बसतं

चिऊ, नव्या नोकरीत रोज लंडनच्या माणसांशी गाठ आहे म्हणालीस, म्हणून मावशीचं एवढं ऐकून ठेव. आपल्याकडे ‘ये’ की ‘या’ एवढ्यावरच मान कळतो. इंग्रजीतही जवळच्या माणसासाठी ‘दाउ’ होतं; सतराव्या शतकात ते रोजच्या बोलण्यातून मागे पडलं आणि लहानथोर सगळ्यांना ‘यू’च उरलं. मान काही गेला नाही, वाक्यात दुसरीकडे जाऊन बसला.

१. आधी विनंती किती लांबलीय ते बघ. ‘कॅन यू’ बरोबरीच्यांतलं, ‘कुड यू’ अदबीचं, ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड’ सगळ्यांत नरम — काम आजचंच असतं, पण भूतकाळात बोललं की समोरच्याला ‘नाही’ म्हणायला जागा राहते.

२. ‘प्लीज सेंड इट टुडे’ हा हुकूमच, बरं का — त्यात विचारलंय कुठे? साखर भुरभुरून मिरची गोड होत नाही.

३. शब्दाचं घराणं ओळख. १०६६ साली नॉर्मन आले, दरबारात फ्रेंच बसली, चुलीपाशी इंग्रजी राहिली. म्हणून ‘हेल्प’, ‘बाय’, ‘आस्क’ घरचे वाटतात आणि ‘असिस्ट’, ‘परचेस’, ‘इन्क्वायर’ कचेरीतले. ‘पुट ऑफ’सारखी जोडगोळी बोलण्यातली, ‘पोस्टपोन’ लेखी — मैत्रिणीला चहाला बोलावताना कचेरीतले शब्द काढलेस तर ती बिचकेल.

४. ‘डोन्ट’, ‘कान्ट’ दिसलं की माणूस सैलावून बसलाय असं समज. पण रोज असं लिहिणाऱ्याने एकाएकी ‘आय डू नॉट अग्री’ असं सुटं, पूर्ण लिहिलं, तर आपला आधीचा मेल पुन्हा वाच — बिनसलं की पुष्कळदा आवाज चढत नाही, शब्द ताठ होतात. ‘विथ रिस्पेक्ट’चंही तसंच, पुढे बहुधा विरोध येतो.

५. पहिला मेल एक पायरी वरचाच लिही, मग समोरचा ‘हाय’ म्हणाला की तूही ‘हाय’ — वरून उतरता येतं, खालून चढताना धाप लागते. ‘डिअर सर ऑर मॅडम’ला शेवटी ‘युअर्स फेथफुली’, नाव घेतलं असेल तर ‘युअर्स सिन्सिअरली’, ही तिकडची जुनी रीत.

६. साहेबांनी नावाने हाक मार म्हटलं तर खुशाल मार — ती तिथली रोजची पद्धत, सलगी नव्हे. अदब विनंतीच्या वाक्यात ठेव.

७. ‘यू ऑल राइट?’ म्हणजे नुसतं ‘काय, कसं काय?’ — गुडघेदुखी सांगत बसू नकोस.

८. ‘डू द नीडफुल’ इथेच ठेवून जा — तिकडे ते जुनाट वाटतं, आणि नेमकं काय करायचं तेही कळत नाही.

९. ऑक्सफर्डच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’त कित्येक शब्दांपुढे ‘फॉर्मल’, ‘इन्फॉर्मल’ असं छापलेलं असतं. अर्थ ठाऊक असला तरी तिकडे नजर टाकत जा — शब्द कुणापुढे चालतो, ते तिथेच कळतं.