अर्धा किलो खजूर

अगं, काल तुझा फोन ठेवला आणि एकटीच हसत बसले. पोलंडमध्ये, व्रोत्स्वाफला येऊन पंधरा दिवस झाले नाहीत आणि म्हणतेस, "ताई, दुकानात जायचीच भीती वाटते." शिक्रापूरच्या बाजारात पाच रुपयांसाठी भाजीवालीशी हुज्जत घालणारी केंदूरची पोर तू! बघ, तुझं डोकं ठिकाणावर आहे. घोळ मोबाइलच्या भाषांतराचा आहे, आणि त्याहून जास्त इंग्रजीचा.

माझी फजिती ऐक, म्हणजे धीर येईल. पहिल्या वर्षी चतुर्थीला खजूर हवा होता. मोबाइलवर नुसतं 'डेट' टाकलं. त्याने दाखवलं, 'रान्त्का'. मी बाजारात जाऊन एका मिशाळ आजोबांना खणखणीत आवाजात म्हटलं, अर्धा किलो रान्त्का द्या. ते आधी माझ्याकडे, मग शेजारच्या बाईकडे बघायला लागले. रान्त्का म्हणजे मुलामुलीनं ठरवून भेटणं गं! तारखेला 'दाता', खजुराला 'दाक्तिल', आणि इंग्रजीत तिन्हींची मोट एकाच शब्दात बांधलेली. शेवटी त्या बाईनंच खजुराच्या डब्याकडे बोट दाखवून माझी सुटका केली. तुझे दाजी अजून विचारतात, "आज किती किलो रान्त्का आणू?"

तेव्हापासून मी शब्द एकटा पाठवत नाही. तूही सोबतीला कुणीतरी दे. नुसतं 'नेल' नको, 'पायाच्या अंगठ्याचं नेल' असं लिही. नाहीतर औषधाच्या दुकानात सांगून बसशील की माझा खिळा दुखतोय! पोलिश शब्द मिळाला की तोच उलटा टाकून बघ, परत काय येतं ते. आणि खायची वस्तू असेल तर फोटोच शोध. 'पेपर'साठी 'प्येप्श' आलं तर ती मिरी, 'पाप्रिका' आलं तर ढोबळी मिरची. रश्श्यात मिरीची अख्खी पुडी रिकामी करण्याआधी एवढं बघायला काय जातं?

खरं सांगू का, इथं मला इंग्रजीपेक्षा मराठीच जास्त उपयोगी पडली. इंग्रजीत माहिती असायलाही 'नो' आणि माणूस ओळखायलाही 'नो'. आपण दोन वेगळी क्रियापदं वापरतो, तशीच पोलिशमध्येही आहेत: 'व्येम' म्हणजे मला माहीत आहे, 'झनाम' म्हणजे मी ओळखते. जुन्या पोलिशमध्ये तर काका 'स्त्रिय' आणि मामा 'वुय'. आता बहुतेक सगळे दोघांनाही 'वुयेक'च म्हणतात, ते सोड. 'आय वॉज'ला मोबाइल बहुतेक वेळा 'बिवेम' देतो, म्हणजे 'मी होतो'. तू 'बिवाम' म्हण, 'मी होते'. मी सहा महिने पुरुषासारखी बोलत होते आणि कुणी एका शब्दानं टोकलं नाही, इतकी सभ्य माणसं! तीन लिंगं आहेत, विभक्ती आहेत, संबोधनसुद्धा आहे. शाळेत 'स ला ते' घोकताना रडली होतीस ना? ते आता कामी येईल बघ.

आणि फारच दडपण आलं तर वळिवडे आठव. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या त्या छावणीत जवळजवळ पाच हजार पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं, सोव्हिएत रशियातल्या हद्दपारीतून वाचून आलेली. त्यांच्याकडे ना मोबाइल, ना ओळखीचं कुणी. तुझ्याकडे निदान मी आहे.

शनिवारी येते. हाला तार्गोवाला जाऊ, तिथं भाजी, फळं सगळं एका छताखाली मिळतं. यादी आधी मराठीत लिही, मग एकेका शब्दापुढं पोलिश. मागायचं तू, मी पिशवी धरून मागे उभी राहीन. खजूरही तूच माग गं, माझी अजून छाती होत नाही.