यंत्रातला दुभाष्या

गेल्या पावसाळ्यात मी इतिहासाच्या प्रकल्पासाठी नहर-ए-अंबरीवर लिहीत होतो. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी आपल्या शहरात पाणी कसे आणले, हा विषय. लिखाण रंगात आले असता लॅपटॉपच्या पडद्यावर आपोआप टिचक्या पडू लागल्या. हात लावलेला नसताना ओळी निवडल्या जात, पुसल्या जात, भलतीच खिडकी उघडे. दोन पाने अशीच गेली. आईने दृष्ट काढायचेच काय ते बाकी ठेवले! कॅनॉटमधल्या एका दुकानदाराने लॅपटॉप उघडून पाहण्याआधीच सांगितले, "स्क्रीन बदलावी लागेल." त्याने सांगितलेली रक्कम आमच्या घराला पेलणारी नव्हती आणि प्रकल्पाची मुदत आठ दिवसांवर आली होती.

विज्ञान शाखेतल्या एका मित्राने यंत्र पाहिले आणि म्हणाला, "अरे, चित्र तर स्वच्छ दिसतंय. बिघडलाय तो फक्त स्पर्श ओळखणारा भाग. त्याचा ड्रायव्हर बंद कर आणि माउसवर काम चालव." पाच मिनिटांत भुताटकी थांबली. ड्रायव्हर म्हणजे काय, हे मला त्या दिवशी प्रथम नीट समजले.

संगणकाला छपाईयंत्र, कॅमेरा, ध्वनिवर्धक असे अनेक अवयव जोडलेले असतात. प्रत्येकाची बोली निराळी. विंडोजसारख्या मुख्य प्रणालीला त्या सगळ्या बोली येत नाहीत; म्हणून प्रत्येक अवयवासाठी एक छोटा प्रोग्रॅम दुभाष्याचे काम करतो. तोच ड्रायव्हर. दुभाष्याला गप्प बसवले की अवयव जागेवर असूनही प्रणालीपुरता मुका होतो.

ही सोय नवी नाही. १९८३ साली आलेल्या डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीपासून 'कॉन्फिग.सिस' नावाच्या फाइलीत ड्रायव्हरांची नावे ओळीने लिहिता येत. पुढच्या आवृत्त्यांत नको असलेल्या ओळीआधी 'रेम' ही तीन रोमन अक्षरे टाकली की ती ओळ वगळली जाई. त्या काळी पडद्यावर देवनागरी दिसावी म्हणून पुण्याच्या सी-डॅकचे 'जिस्ट' कार्ड यंत्रात बसवावे लागे. आज मराठी लिहायला कार्ड लागत नाही, हे आपल्या पिढीचे भाग्य.

आता प्रत्यक्ष कृती. विंडोजच्या स्टार्ट बटणावर माउसची उजवी कळ दाबावी आणि यादीतून 'डिव्हाइस मॅनेजर' निवडावे. माझा आजारी अवयव 'ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेस' या गटात 'टच स्क्रीन' नावाने होता. त्या नावावर पुन्हा उजवी कळ दाबून 'डिसेबल डिव्हाइस' म्हणायचे. चिन्हावर खाली वळलेला लहानसा बाण दिसला की काम झाले. पुन्हा हवे असेल तेव्हा त्याच जागी 'एनेबल' असते. यासाठी यंत्राच्या व्यवस्थापकाचे खाते मात्र हवे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हा उद्योग करू नये.

त्याच यादीत 'अनइन्स्टॉल' हाही शब्द आहे आणि गफलत होते ती इथे. पाणचक्कीचे पाणी अडवले तर चाक थांबते, पण जागेवर राहते. पाणी सोडले की पुन्हा फिरते. डिसेबल म्हणजे तेवढेच. अनइन्स्टॉल म्हणजे चाकच उचलून नेणे. बहुधा यंत्र पुन्हा सुरू करताच विंडोज तो अवयव ओळखून ड्रायव्हर परत बसवते. पण ड्रायव्हरची फाइलही पुसून टाकण्याच्या चौकटीत खूण केली असेल, तर तो कुठून तरी आणावा लागतो. वाय-फायचा ड्रायव्हर असा पुसला, तर तो उतरवून घ्यायला लागणारे इंटरनेटच हाताशी नसते! माउस बंद करून बसणाऱ्याची फजिती त्या मानाने सौम्य: टॅब व बाणांच्या कळांनी नावापर्यंत पोचावे आणि शिफ्टसह एफ-१० दाबावी, म्हणजे तीच यादी उघडते.

ड्रायव्हरला इतके जपून हाताळायचे, कारण पुष्कळ ड्रायव्हर प्रणालीच्या अगदी गाभ्यात चालतात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-प्रणालीच्या ड्रायव्हरला एक सदोष फाइल मिळाली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने जगभरातली सुमारे ८५ लाख यंत्रे कोलमडली. आपल्या देशातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. पुष्कळ यंत्रे 'सेफ मोड'मध्ये, म्हणजे अत्यावश्यक तेवढेच ड्रायव्हर घेऊन, सुरू करून ती फाइल काढावी लागली.

माझा प्रकल्प मुदतीत गेला. दिवाळीच्या सुट्टीत सहज म्हणून टच स्क्रीन पुन्हा चालू करून पाहिली. अर्ध्या मिनिटात टिचक्या सुरू झाल्या, तशी लगेच बंद केली. तो लहानसा बाण अजून तिथेच आहे.