व्यायामाचा दोर कसा निवडावा

दोरावरचा व्यायाम आपल्या जिल्ह्यास नवा नाहीं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळांत मल्लखांबाचें पुनरुज्जीवन करणारे बाळंभटदादा देवधर यांना ही विद्या वणीच्या सप्तशृंगगडावर सुचली, अशी कथा आपल्याकडे सांगतात. लांकडी खांबाच्या जोडीला टांगलेल्या वेतावरही कसरती होत. पुढें चांगला वेत मिळेनासा झाला आणि त्याची जागा सुती दोरानें घेतली. आज मुली ज्या दोरावर आसनें करतात तो हाच. अलीकडे व्यायामशाळांतून चढण्याचा जाड दोर व जमिनीवर लाटा उठविण्याचा बॅटल रोप हीं साधनें आलीं आहेत, आणि कित्येक पालक आम्हांस विचारतात कीं, घरीं एखादा दोर टांगून दिला तर चालेल काय. चालेल, परंतु कोणताही दोर चालणार नाहीं.

प्रथम जाडी पाहावी. मल्लखांबाचा दोर एक ते दोन सेंटिमीटर असतो, कारण तो पायाच्या बोटांत धरावयाचा आणि अंगाभोंवतीं लपेटावयाचा असतो. चढण्याचा दोर मुठीनें पकडावयाचा; तो सुमारें ३८ मिलिमीटर, म्हणजे दीड इंच असावा. लहान मुलांची मूठ त्यास पुरत नसेल तर थोडा बारीक घ्यावा. कड्यांवर गिर्यारोहक जो दोर वापरतात तो बहुधा १० मिलिमीटरच्या आसपास असतो. तो पडणाऱ्या माणसास ताणून झेलण्यासाठीं केलेला आहे. त्याची किंमत मोठी म्हणून तो येथेंही उत्तम, असें समजूं नये.

दुसरी गोष्ट धाग्याची. मनिला दोर फिलिपाइन्समधील अबाका नांवाच्या झाडापासून होतो. हें झाड आपल्या केळीच्याच कुळांतलें. त्याची पकड उत्तम, पण नव्या दोराचीं कुसळें हातांत शिरतात, आणि पावसाळ्यांत ओल धरून तो आंतून कुजतो. काथ्याचा दोर स्वस्त असला तरी तळहात सोलून काढतो. नायलॉन बळकट खरा, परंतु गुळगुळीत असून भारानें ताणला जातो. पॉलिस्टर तितका ताणत नाहीं. पॉलिप्रॉपिलिन हलका, मात्र उन्हानें ठिसूळ होतो. आमच्या मतें छताखालीं चढण्यासाठीं मनिला अथवा सुती, आणि उघड्या अंगणासाठीं पॉलिस्टर घ्यावा.

बॅटल रोपास वेगळा हिशेब लागतो. तो मध्यावर खांबाला अडकवून दोन्ही टोंकें दोन हातांत धरतात, म्हणून १५ मीटरचा दोर साडेसात मीटरच जागा व्यापतो. तोही ताठ ओढला तर लाट उठत नाहीं, ढिला ठेवावा लागतो. जाडीचा परिणाम याहून मोठा. ३८ मिलिमीटरऐवजी ५० मिलिमीटरचा घेतला तर डोळ्यांस फरक थोडा दिसतो. परंतु धागा तोच असतां वजन जाडीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. विद्यार्थ्यांनीं दोन्ही आंकड्यांचे वर्ग करून भागाकार करावा. उत्तर सुमारें पावणेदोन पट येईल. म्हणून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलानें ३८ मिलिमीटरचा, ९ किंवा १२ मीटर लांबीचा दोर घेणें बरें. पन्नासाच्या दोरावर ऐट मिरविणारे आम्ही पाहिले आहेत. दहा झटक्यांत त्यांच्या लाटा खांबापर्यंत पोंचेनाशा होतात.

सर्वांत धोक्याचें काम टांगण्याचें. विहिरीवर वर्षानुवर्षें घागरी ओढणारा दोर मुलाचें वजन सहज पेलेल, असें वडील मंडळींस वाटतें. पण घागर पाण्यांत पडते. मूल जमिनीवर पडतें. चढतांना बसणारा हिसका अंगाच्या वजनाहून अधिक असतो, आणि साधी गांठ मारल्यानें दोराचें बळ एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत घटूं शकतें. यासाठीं टोंकाचे पेड उलगडून पुन्हां दोरांतच गुंफून केलेला फांसा घ्यावा, त्यांत लोखंडी वळें बसवावें आणि तें तुळईच्या कडीस अडकवावें. पंख्याचा हूक ही त्याची जागा नव्हे. खालीं जाड गादी हवी. दर महिन्यास पीळ थोडा उलगडून आंत पाहावें. भुकटी, काळे डाग किंवा कुबट वास आढळला तर बाहेरून दोर कितीही चांगला दिसो, तो उतरवावा आणि त्याचे तुकडे करावेत. नाहीं तर पुढच्या सुटींत धाकटा भाऊ तोच दोर आंब्याला बांधतो.