केर काढणारा रोबो आणि म्हैसूरचे घर : कुत्री-मांजरे पाळणाऱ्या नवागत मराठी कुटुंबांसाठी

नोकरी, बदली किंवा मुलांचे शिक्षण अशा कारणाने म्हैसुरात येणाऱ्या मराठी कुटुंबाला आधी घर आणि मग कुत्र्या-मांजरासह राहू देणारा घरमालक शोधावा लागतो, आणि हे दोन्ही जमले की केर काढून फरशी पुसणाऱ्या रोबोचा विषय घरात निघतो. येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांचे या बाबतीत एकच ठाम सांगणे असते : घराची फरशी, उंबरे आणि जनावराच्या सवयी पाहिल्याशिवाय यंत्र घेऊ नये. २००२ साली बाजारात आलेला आयरोबोट कंपनीचा पहिला रूम्बा हा रोबो वाटेत येईल त्याला धडकून दिशा बदलत केर गोळा करी. आजची यंत्रे घराचा नकाशा तयार करून ओळीने फिरतात, तरीही त्यांची मर्यादा बहुतेक वेळा जमिनीपासून चार बोटांच्या उंचीतच दिसून येते.

चामराजपुरम, कृष्णमूर्तिपुरम, लक्ष्मीपुरम या जुन्या भागांतील घरांना लाकडी किंवा दगडी उंबरा असतो. कन्नडमध्ये त्याला ‘होस्तिलु’ म्हणतात आणि सणावाराला हळद-कुंकू लावून त्याची पूजाही होते. साधारण यंत्र सुमारे दोन सेंटिमीटर उंचीचा अडथळा ओलांडू शकते, त्यामुळे असा उंबरा त्याला भिंतीसारखाच ठरतो आणि प्रत्येक खोलीत ते उचलून न्यावे लागते. अशा घरात महागड्या नकाशा-यंत्रावर खर्च करण्यापेक्षा दिवाणखाना आणि स्वयंपाकघरापुरते साधे यंत्र घेणे शहाणपणाचे ठरते. याउलट विजयनगर, बोगादी या बाजूच्या नव्या सदनिकांत सपाट व्हिट्रिफाइड टाइल असते, आणि तेथे हे यंत्र मनासारखे चालते. जुन्या घरांतली लाल ऑक्साइडची फरशी, म्हणजे सिमेंटमध्ये लोहाचे लाल रंगद्रव्य मिसळून घोटून गुळगुळीत केलेली जमीन, पिढ्यान्‌पिढ्या टिकते, पण आम्लयुक्त द्रावणाने तिची झळाळी जाते. म्हणून तेथे मॉपच्या टाकीत साध्या पाण्याखेरीज काही घालू नये. काळ्या ग्रॅनाइटच्या पट्ट्या किंवा कडप्पा असेल तर वेगळीच अडचण येते. पायरीवरून पडू नये म्हणून यंत्राच्या पोटाखाली अवरक्त किरण सोडणारे संवेदक असतात, आणि गडद पृष्ठभागाने ते किरण शोषून घेतले की यंत्राला समोर खड्डा आहे असे वाटून ते मागे फिरते. विकत घेण्यापूर्वी प्रात्यक्षिक मागावे आणि ते काळ्या फरशीवरच पाहावे.

जनावराच्या केसांचा प्रश्न जातीप्रमाणे बदलतो. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेला मुधोळ हाउंड आखूड आणि बारीक केसांचा असल्याने त्याच्या घरात यंत्राला फारसे कष्ट पडत नाहीत. लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्डच्या अंगावर मात्र बाहेरचे राठ केस आणि आतली मऊ लव असे दुहेरी आवरण असते, आणि ती लव गळू लागली की कोपऱ्याकोपऱ्यांत तिचे पुंजके जमतात. यासाठी मुख्य ब्रश कुंचल्यासारख्या धाग्यांचा न घेता रबराच्या पात्यांचा घ्यावा, कारण रबरावर केस तितकेसे गुंतत नाहीत. तरीही ब्रशला खरा फास बसतो तो बहुधा कुत्र्याच्या केसांचा नसून माणसांच्या लांब केसांचा आणि गजऱ्याच्या दोऱ्याचा. म्हैसूर मल्लिगे, म्हणजे येथले प्रसिद्ध गजऱ्याचे फूल, ज्या धाग्यात ओवलेले असते तो धागा सुकलेल्या गजऱ्यातून सुटून जमिनीवर पडतो, फिरत्या ब्रशच्या टोकाशी, जेथे दांडा बेअरिंगमध्ये शिरतो त्या बोटभर जागेत, शिरतो आणि तेथे इतका घट्ट आवळला जातो की शेवटी तो ब्लेडनेच कापावा लागतो. ब्रश हत्यारांशिवाय सहज बाहेर निघतो की नाही हे दुकानातच स्वतःच्या हाताने काढून पाहावे. सतरंजीचे गोंडे आत दुमडून ठेवावेत. देवघरापुढची रांगोळी आणि नवरात्रातील ‘गोंबे हब्ब’, म्हणजे पायऱ्यांवर बाहुल्या मांडण्याचा येथला सण, यांच्याभोवती ॲपमधील नकाशात निषिद्ध क्षेत्र आखून ठेवावे. रांगोळीची भुकटी अतिशय बारीक असते आणि गाळणी फार लवकर तुंबवते.

जाहिरातींत पास्कलचा आकडा सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. पास्कल हे दाबाचे एकक असून येथे ते ओढण्याची शक्ती सांगते. जाड गालिच्यातून केस ओढायचे असतील तर ती शक्ती जास्त लागते, परंतु म्हैसूरच्या बहुतेक घरांत कडक फरशी आणि एखादी चटई एवढेच असते, त्यामुळे काही हजार पास्कल पुरेसे होतात आणि त्यापुढचा पैसा यंत्राची धूळपेटी आपोआप रिकामी करणाऱ्या तळावर, म्हणजे यंत्र चार्जिंगसाठी परतते त्या ठाण्यावर, खर्च करणे अधिक उपयोगी ठरते. यंत्रातली धूळपेटी जेमतेम अर्ध्या लिटरची असते आणि केस गळण्याच्या दिवसांत ती एका फेरीतच भरते. तळावरची पिशवी दोन-तीन लिटरची असल्याने केर रोज काढून टाकावा लागत नाही. पिसवा झाल्या असतील तेव्हा मात्र ही सोय नडते, कारण पिसवांची गुळगुळीत अंडी जनावराच्या अंगावरून जमिनीवर गळतात आणि केराबरोबर पिशवीत जाऊन पडतात. अशा वेळी पिशवी भरण्याची वाट न पाहता फेकून द्यावी.

फरशी पुसण्याच्या बाबतीत नुसते ओले फडके मागे ओढणारे यंत्र जनावरांच्या घरात निरुपयोगीच समजावे, कारण त्याने ओले केस पसरतात. गोल फिरणारी फडकी स्वतःच्या तळावर धुऊन गरम हवेने वाळवणारे यंत्र महाग असले तरी फडक्याला वास येऊ देत नाही. अर्थात मळलेल्या पाण्याची टाकी रोज ओतावीच लागते. शहरात कावेरी आणि कबिनीचे पाणी येते, पण बाहेरच्या भागांतील अनेक इमारती कूपनलिकेवर अवलंबून असतात, आणि त्या जड पाण्याचे पांढरे क्षार तळातील नळ्यांत व हीटरवर साचतात, म्हणून तेथे क्षार काढलेले पाणी वापरावे. टाकीत फिनाइल घालू नये. बहुतेक उत्पादक त्याला मनाई करतात, आणि घरात मांजर असेल तर धोका अधिक गंभीर होतो : मांजराच्या यकृताला फिनॉल वर्गातील द्रव्ये नीट निकामी करता येत नाहीत आणि पुसलेल्या फरशीवरून चालल्यावर ते पंजे चाटतेच.

सर्वांत मोठा अपघात विष्ठेचा. सवय न लागलेले पिल्लू किंवा आजारी जनावर घरात असेल आणि यंत्र रात्री आपोआप सुरू होणार असेल, तर घाण चाकांनी आणि फडक्यांनी सर्व खोल्यांत माखली जाते. २०२१ साली रूम्बाच्या जे७ प्लस या यंत्राबरोबर आयरोबोट कंपनीने घट्ट विष्ठा टाळण्याची हमी दिली आणि त्यानंतर कॅमेऱ्याने अडथळा ओळखणारी यंत्रे सर्वत्र आली. मात्र ही हमी घट्ट विष्ठेपुरतीच होती, आणि मूत्र किंवा मांजराची उलटी कॅमेऱ्याला ओळखता येईलच असे नाही. केवळ कॅमेऱ्यावर चालणारे यंत्र वीज गेल्यावर अंधारात चाचपडते, तर लेसरने अंतर मोजणाऱ्या यंत्राला उजेड लागत नाही, म्हणून दोन्ही असलेले यंत्र निवडावे आणि घरात कोणी जागे असतानाच ते चालवावे.

अमेरिकेतून परतणाऱ्यांनी तेथला तळ आणू नये, कारण पाणी तापवणारे तळ बहुधा तेथल्या १२० व्होल्टसाठीच बनवलेले असतात आणि येथे वीज २३० व्होल्टची आहे. सेवाकेंद्र म्हैसुरात आहे की यंत्र बंगळुरूला पाठवावे लागेल, आणि गाळणी, बाजूचा ब्रश व फडकी सुटी मिळतात का, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावे. पावसाळ्यात धुतलेली गाळणी चोवीस तास वाळल्याशिवाय बसवू नये, म्हणून दुसरी गाळणी पहिल्याच दिवशी घ्यावी.

कामाला येणाऱ्या बाईंनाही यंत्र समजावून सांगावे. ‘पोरके’ म्हणजे झाडू आणि ‘ओरेसो बट्टे’ म्हणजे पुसायचे फडके, हे शब्द नवागतांनी पहिल्या आठवड्यातच शिकावेत, कारण कोपरे, पायऱ्या आणि कपाटामागची जागा कामाच्या बाईंच्याच हातांनी स्वच्छ होणार असते आणि यंत्र आले म्हणून त्यांचा पगार कापणे अन्यायाचे ठरेल. कुत्र्याला यंत्राची ओळख करून देताना ते पहिले काही दिवस बंदच ठेवून त्याच्याभोवती खाऊ टाकावा, मग शेजारच्या खोलीत चालू करावे, आणि तळावर केर ओढून घेण्याचा मोठा आवाज तर जनावर बाहेर फिरायला गेले असतानाच होऊ द्यावा.