गवत दिसतं, उंची दिसत नाही

काश्मीर ग्रेट लेक्सचा ट्रेक करून आल्यापासून ओळखीतल्या बऱ्याच जणांचे फोन येतात. बूट कुठले घ्यायचे, थंडी कितपत असते, रेनकोट चालेल की पाँचोच हवा, सगळं विचारतात. उंचीबद्दल मात्र सहसा कुणी विचारत नाही. त्याचं कारण मला कळतं. फोटोत उंची दिसतच नाही. दिसतं ते पोटरीएवढं गवत, पिवळी-जांभळी फुलं, बकरवालांच्या मेंढ्या आणि मधोमध निळंशार तळं. कडे नाहीत, दोर नाहीत, ऑगस्टमध्ये वाटेवर बर्फही फारसा नसतो. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेल्या माणसाला ते सगळं अगदीच सोपं वाटतं. आमच्या गटातल्या एका तरुणालाही तसंच वाटलं होतं. तो त्या हिरवळीतून जिवंत परत आला, तो एका घोडेवाल्याच्या नजरेमुळे आणि लष्कराच्या चौकीवरच्या ऑक्सिजनमुळे. म्हणून हे लिहिते आहे.

आधी उंचीचा हिशेब बघा. कळसूबाईचा माथा 1,646 मीटरवर आहे. सोनमर्ग साधारण 2,700 मीटरवर. म्हणजे सोनमर्गच्या हॉटेलात पाठपिशवी खाली ठेवता, तेव्हाच तुम्ही महाराष्ट्राच्या सर्वोच्च टोकापेक्षा हजारेक मीटर वर असता. तिथून पहिला मुक्काम निचनाईच्या कुरणात, जवळपास 3,500 मीटरवर. दुसऱ्या दिवशी 4,000 मीटरच्या वरची निचनाई खिंड ओलांडून विशनसर तळ्याकाठी, 3,700 च्या आसपास. पुढे किशनसर, मग सगळ्यात उंच गडसर खिंड, जवळजवळ 4,200 मीटर. मग गडसर, सतसर, हरमुखच्या पायथ्याशी गंगबल, आणि शेवटी नारानागला उतार. विशनसरच्या उंचीवर प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी असतो. खाली गवत आहे की खडक, याच्याशी हवेला काही देणंघेणं नसतं.

उंचीवरच्या आजाराचे डॉक्टर एक साधा नियम सांगतात. 3,000 मीटरच्या वर गेलात की झोपायचा मुक्काम रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, आणि दर हजारेक मीटरला एक दिवस जास्तीचा द्या. दिवसा कितीही वर जा, झोपायला खाली या. आता सोनमर्ग ते निचनाई ही पहिलीच उडी बघा. आठशे मीटर. शिवाय आपली माणसं मुंबईहून सकाळच्या विमानाने श्रीनगरला उतरतात, संध्याकाळी सोनमर्ग गाठतात आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच चालू लागतात. शरीराला कळायच्या आत आपण समुद्रकाठावरून साडेतीन हजार मीटरवर जाऊन झोपलेलो असतो. यावर उपाय फार अवघड नाही. सोनमर्गला दोन रात्री काढा, मधल्या दिवशी थाजिवास हिमनदीच्या बाजूला चालून या. खर्च वाढतो, रजा वाढते. तरी हे करा.

आमचा तो मुलगा पुण्याचा, तिशीतला, दर शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या किल्ल्यावर असणारा. पहिल्या दिवशी चढावर सगळ्यांच्या पुढे. पण निचनाईच्या मुक्कामी तो जेवला नाही. सकाळी गाडी लागली होती, त्याचंच असेल, म्हणाला. डोकं ठणकत होतं हे त्याने फक्त तंबूतल्या जोडीदाराला सांगितलं, आणि वर गळ घातली की लीडरला बोलू नकोस, उगाच खाली पाठवतील. दुखण्यावरची गोळी घेऊन झोपला. गोळीने डोकं दुखायचं थांबलं, आजार आतून वाढत राहिला. दुसऱ्या दिवशी खिंडीच्या चढावर तोच सगळ्यांच्या मागे होता. खिंड ओलांडल्यावर उतार लागतो, मग लांबच लांब सपाट कुरण, शेजारून वाहणारा ओढा. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तोही हसत होता, पण चेहरा पांढराफटक पडला होता.

विशनसरला संध्याकाळी तो तंबूबाहेर बसून बुटाची नाडी बांधत होता. मी समोरच चहा घेत होते. नाडीची दोन टोकं त्याने हातात धरली, एकमेकांवर ठेवली आणि सोडून दिली. पुन्हा धरली, पुन्हा सोडली. तिसऱ्यांदा टोकांकडे बघतच बसला. मी विचारलं, "काय रे, बांधून देऊ का?" बराच वेळ थांबून तो म्हणाला, "हो, चहा झाला माझा." मग उठला आणि पाय फाकवून, तोल सावरत स्वयंपाकाच्या तंबूकडे निघाला.

लीडर बावीस-तेवीस वर्षांचा, मनाने चांगला मुलगा. त्याने बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा सत्तरीत आला. बोटं चोळल्यावर थोडा वाढला. गार बोटांवर यंत्र कमी दाखवतं हे खरं आहे, पण तेवढ्या आधारावर तो म्हणाला की रात्री झोप झाली की उद्या ठणठणीत होईल. तेवढ्यात सामान उतरवणारा म्हातारा गुज्जर घोडेवाला पुढे आला. "मॅडम, ये लडका ठीक नहीं है, इसको नीचे ले जाना पडेगा." त्यानेच तंबूची दोरी जमिनीवर सरळ टाकली आणि त्या मुलाला म्हणाला, यावरून चाल, पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्याला लावत. दुसऱ्याच पावलाला मुलगा आडवा झाला.

या चाचणीला कुठलंच यंत्र लागत नाही. उंचीवर ज्याला अशी सरळ रेषेत चार-सहा पावलं टाकता येत नाहीत, बोलणं असंबद्ध होतंय, त्याच्या मेंदूला सूज येते आहे असं धरून चालायचं. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला थांबत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर फुफ्फुसात पाणी भरतंय असं धरायचं. दोन्ही आजार काही तासांत माणूस नेतात. दोन्हींवर खरा इलाज एकच, लगेच खाली उतरवणं. ऑक्सिजन आणि इंजेक्शन हे उतरेपर्यंत वेळ मिळवून देतात.

आमच्याकडे सिलिंडर होता. तो उघडायची चावी मात्र सोनमर्गलाच राहिली होती. आचाऱ्याने पक्कड लावून बघितली, दगडाने ठोकून बघितलं, झडप हलेना. मग दोघं जण टॉर्च घेऊन लष्कराच्या चौकीकडे पळाले. तिथला वैद्यकीय जवान ऑक्सिजन आणि औषधांची पेटी घेऊन आला, इंजेक्शन दिलं, मुलाला पाठीला आधार देऊन बसतं ठेवलं. रात्रभर आलटूनपालटून जागलो.

आणि त्या रात्री एक गोष्ट कळली, जी कुठल्याच माहितीपत्रकात छापलेली नव्हती. विशनसरहून खाली म्हणजे नेमकं कुठे? तळ्याचं पाणी उत्तरेला जातं, किशनगंगेला मिळायला, गुरेझच्या दिशेने. ती वाट लांबची, सरहद्दीकडची, आजारी माणसाला घेऊन जायची नाही. सोनमर्गला परतायचं तर आधी निचनाई खिंड पुन्हा चढायची. म्हणजे ज्याला वर नेणं धोक्याचं, त्याला वर नेल्याशिवाय खाली नेता येत नाही. गडसरच्या मुक्कामी तर आणखी आत अडकलेले असतो. उजाडायच्या सुमारास, औषधाने तो थोडा शुद्धीवर असताना, त्याला घोड्यावर बसवून दोघांनी दोन्हीकडून धरून खिंड पार केली. सोबत गेलेल्या मित्राने नंतर सांगितलं की खिंडीपलीकडे उतरायला लागल्यावर माणूस डोळ्यांदेखत बदलत गेला. निचनाईच्या कुरणात त्याने स्वतःहून पाणी मागितलं. पुढे दवाखान्यातून तो चालत बाहेर आला. विशनसरची संध्याकाळ त्याला आजही आठवत नाही.

म्हणून पैसे भरण्याआधी ट्रेक कंपनीला एक प्रश्न नक्की विचारा, प्रत्येक मुक्कामावरून आजारी माणसाला कुठल्या वाटेने खाली नेता? "आमची टीम अनुभवी आहे" हे त्याचं उत्तर नाही. वाटेचं नाव, लागणारे तास, सोबत कोण जाणार, हे सांगता आलं पाहिजे. एक लीडर खाली गेला तर उरलेल्यांना पुढे कोण नेणार, हेही विचारा. एकच लीडर असेल तर त्याची मनापासून इच्छा असते की कुणी आजारी पडू नये, आणि मग समोर दिसणारं दुखणंही त्याला "झोपेने बरं होणारं" वाटू लागतं. त्याला मी वाईट म्हणणार नाही. त्याच्यावर ज्यांनी एवढा भार टाकला त्यांना म्हणेन. लीडरने पहलगामच्या जवाहर किंवा उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतला कोर्स केलाय का, रानावनातल्या प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलंय का, हे विचारायला संकोचू नका. पहिल्या दिवशी निघण्याआधी सिलिंडर समोर उघडून दाखवा म्हणा. हवा वाहिल्याचा आवाज आपल्या कानांनी ऐका. रात्री घोडे चरायला लांब सोडतात का, बसायला खोगिराचा एखादा घोडा जवळ असतो का, हे थेट घोडेवाल्यालाच विचारा. त्याच्याशी पहिल्या दिवसापासून बोलत राहा. डोंगरात कोण कसं चालतंय हे त्याच्याइतकं कुणी बघत नाही.

डायमॉक्सच्या गोळीबद्दल खूप विचारलं जातं. सहसा 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून देतात, पण सल्फाची अॅलर्जी असणाऱ्यांनी ती परस्पर घेऊ नये, आणि बाकीच्यांनीही आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. तिने शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत होते. दुखणं सुरू झाल्यावर तिच्या भरवशावर पुढे चढायचं नाही. झोपेची गोळी आणि दारू दोन्ही घरी ठेवा.

पण या सगळ्यापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो तंबूतला जोडीदार. आजार मेंदूलाच होत असल्यामुळे आजारी माणसाला आपण आजारी आहोत हे कळेनासं होतं. त्याचं "मी ठीक आहे" हे ऐकायचं नाही, बघायचं. उंचीवर डोकं दुखतंय आणि भूक नाही, म्हणजे उंचीचाच त्रास, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. त्या दिवशी वर चढायचं नाही. जोडीदाराने तेव्हाच लीडरला सांगायचं, शपथ घातली असली तरी सांगायचं. मैत्री तुटली तर खाली आल्यावर जोडता येते. निचनाईला हे कुणी बोललं असतं, तर खिंड आडवी यायच्या आधी, सरळ उताराने तो सोनमर्गला पोचला असता.

हवामानही असंच फसवं असतं. काश्मीरमध्ये आपल्यासारखा मोसमी पाऊस कोसळत नाही, पण दुपारनंतर ढग जमतात, गारा पडतात, आणि मोकळ्या कुरणात वीज पडायला तुमच्याशिवाय उंच काही नसतं. खिंडी सकाळीच ओलांडा. ओढेही सकाळी ओलांडा, दुपारी वितळलेल्या बर्फाचं पाणी चढतं. सुती कपडे नकोत, भिजले की वाळत नाहीत आणि अंगातली ऊब घेऊन जातात. जून 2024 मध्ये उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर बहुतांश कर्नाटकातल्या ट्रेकर्सचा 22 जणांचा गट हिमवादळात सापडला, त्यातले 9 जण गेले. तीही वाट कुश कल्याणसारख्या देखण्या बुग्यालांतून, म्हणजे उंचावरच्या कुरणांतून जाते. लीडर परत फिरू म्हणाला, तर भरलेल्या पैशांचा विषय काढू नका.

संपर्काची आशा धरू नका. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, आणि सोनमर्ग सोडल्यावर पोस्टपेडही लवकरच मुकं होतं. परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे. वर मदत मिळते ती लष्कराच्या चौक्यांची, त्या कुठे आहेत हे नकाशावर खूण करून घ्या. आधार कार्डाची मूळ प्रत जवळ ठेवा, चौक्यांवर बघतात. 2025 च्या पहलगाम हल्ल्यानंतर काश्मीरमधली कितीतरी ठिकाणं पर्यटकांना बंद केली होती, तेव्हा परवानगी आहे का हे त्या-त्या वर्षी नव्याने तपासा. आणि बकरवालांच्या डेऱ्याजवळून जाताना हाक मारून जा, त्यांचे राखणीचे कुत्रे अनोळखी माणसाला जवळ येऊ देत नाहीत.

शेवटचं सांगते ते परतीच्या तिकिटाचं. त्या मुलाने डोकेदुखी लपवली त्यात हौसेइतकाच तिकिटाचाही वाटा होता. विमान ट्रेक संपल्याच्या दुसऱ्याच दिवशीचं होतं, एक दिवस मागे पडला असता तर सगळ्या गटाचं बिनसलं असतं, हे ओझं त्याच्या डोक्यावर होतं. शेवटी निदान दोन दिवस मोकळे ठेवा. म्हणजे पाऊस लागला तर थांबता येतं, कुणाचं डोकं दुखलं तर सगळ्यांना एक मुक्काम वाढवता येतो, आणि बोलणाऱ्याला अपराधी वाटत नाही. हे दिवस लागले नाहीत तर नारानागला घालवा. तिथे आठव्या शतकातली, ललितादित्याच्या काळाशी जोडली जाणारी दगडी देवळं आहेत. बहुतेक ट्रेकर्स टॅक्सीच्या घाईत त्यांच्यावरून पुढे निघून जातात.