मध्यावरचे दुकान

राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर एक आडवी रेघ ओढली, तिच्या टोकांना ‘डावे’ आणि ‘उजवे’ असे लिहिले आणि विचारले, “या रेघेवर दोन पक्ष उभे करायचे आहेत. कोठे कराल?” आम्ही बहुतेकांनी एक इकडे, एक तिकडे असे उत्तर दिले. सरांनी दोन्ही ठिपके मध्याला लागून काढले. मला ते पटले नाही. मतांसाठी तत्त्व सोडून मध्ये सरकणे हा निव्वळ संधिसाधूपणा, असे माझे मत होते. पुढे ग्रंथालयात बसून थोडे वाचन केले, तेव्हा ते काहीसे बदलले. पुरते मात्र बदललेले नाही.

मूळ कल्पना दुकानदारीची आहे. हॅरॉल्ड हॉटेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने ती १९२९ साली मांडली. आपण आमच्या गावासारखे एखादे गाव घेऊ. मारुतीच्या देवळापासून शाळेपर्यंत एकच सरळ रस्ता, त्यावर दोन किराणा दुकाने. भाव सारखे, माल सारखा. तेव्हा गिऱ्हाईक जवळच्या दुकानात जाणार. देवळाकडच्या दुकानदाराने दुकान जरा मध्याकडे हलवले, तर त्याची जुनी गिऱ्हाइके कोठे जात नाहीत, कारण त्यांना अजूनही तेच जवळ. उलट मधली काही माणसे दुसऱ्याकडून तुटून त्याच्याकडे येतात. मग दुसराही तेच करतो, आणि शेवटी दोन्ही दुकाने भिंतीला भिंत लावून उभी राहतात. हा विचार अमेरिकेतील दोन पक्षांना लागू पडतो, हे हॉटेलिंगनेच सुचवले होते. अँथनी डाउन्स यांनी १९५७ साली त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. मतदारांना डावीकडून उजवीकडे रांगेत उभे केले, तर बरोबर मधल्या माणसाला जो पक्ष जवळचा वाटेल त्याच्याकडे बहुमत जाते, हा त्याचा गाभा. यात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत : पक्ष दोनच आहेत, सगळे प्रश्न एकाच रेघेवर मांडता येतात, आणि प्रत्येक मतदार मत द्यायला येतोच. तिसरे गृहीत वाचकांनी ध्यानात ठेवावे.

याचे ठळक उदाहरण म्हणजे ब्रिटनचा मजूर पक्ष. उत्पादनाच्या साधनांवर समाजाची मालकी असावी, असे सांगणारे चौथे कलम त्याच्या घटनेत १९१८ पासून होते; ते सभासदांच्या कार्डावरही छापलेले असे. १९५९ च्या पराभवानंतर गेट्स्केल यांनी ते बदलण्याचा प्रयत्न केला, पण पक्षाने त्यांना दाद दिली नाही. १९८३ साली मायकेल फूट यांच्या नेतृत्वाखाली पक्षाने एकतर्फी अण्वस्त्रत्याग, युरोपीय समुदायातून बाहेर पडणे, उद्योगांचे पुन्हा राष्ट्रीयीकरण असा सणसणीत डावा जाहीरनामा काढला. त्याच पक्षाचे खासदार जेराल्ड कॉफमन यांनी त्याला इतिहासातील सर्वांत लांबलचक आत्महत्येची चिठ्ठी म्हटले. मते पडली २७.६ टक्के, जागा २०९. मध्यावरची जागा रिकामी राहिली होती. १९८१ साली मजूर पक्षातूनच फुटलेल्या सोशल डेमोक्रॅटांनी लिबरलांच्या जोडीने तेथे दुकान मांडले आणि पंचवीस टक्क्यांवर मते नेली.

पुढचा प्रवास एका रात्रीत झाला नाही. १९८७ ची निवडणूक हरल्यावर किनॉक यांनी अण्वस्त्रत्यागाचे धोरण गुंडाळले, तरी १९९२ चीही निवडणूक पक्ष हरला. १९९४ साली नेते झालेल्या टोनी ब्लेअर यांनी १९९५ मध्ये चौथे कलम बदलून घेतले. प्राप्तिकराचे दर वाढवणार नाही, पहिली दोन वर्षे हुजूर पक्षाने आखलेल्या खर्चाच्या मर्यादेतच राहू, अशी आश्वासने दिली आणि १९९७ साली ४१८ जागा जिंकल्या. याला संधिसाधूपणा म्हणावे काय? माझी अडचण येथेच होते. याच सरकारने १९९८ साली राष्ट्रीय किमान वेतनाचा कायदा केला. विरोधी बाकांवर बसून तो झाला नसता.

मध्याकडे सरकले की विजय ठरलेलाच, असेही नाही. आपल्याकडे भारतीय जनता पक्षाने डिसेंबर १९८० च्या मुंबई अधिवेशनात गांधीवादी समाजवाद स्वीकारला. १९८४ साली त्याला दोन जागा मिळाल्या. १९८९ च्या पालमपूर ठरावाने त्याने आपली वेगळी ओळख ठळक केली आणि त्याच वर्षी ८५ जागा मिळवल्या. अर्थात १९८४ ची निवडणूक इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची होती आणि १९८९ मध्ये जागावाटपाचाही हातभार होता, म्हणून यावरून मोठा निष्कर्ष काढू नये. पण आपल्या देशात जात, धर्म, प्रांत, भाषा या साऱ्यांना एका रेघेवर बसवणे फळ्यावर जमते तेवढे सोपे नाही.

आता ते तिसरे गृहीत. गावातील दोन्ही दुकाने मध्यावर गेली, की रस्त्याच्या टोकाला राहणाऱ्यांना दुप्पट चालावे लागते. आमचे घर टोकालाच आहे, म्हणून मला हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. माझी आजी मिठावाचून एखादा दिवस काढते, पण उन्हात जात नाही. टोकाचे मतदार घरीच बसतील, ही शक्यता डाउन्स यांनीही नोंदवली होती. २००१ साली ब्रिटनमध्ये मतदान ५९.४ टक्क्यांवर आले; १९१८ नंतरचे ते सर्वांत कमी. लिव्हरपूलच्या रिव्हरसाइड या मजूर पक्षाच्या हमखास मतदारसंघात तर जेमतेम ३४ टक्के लोक बाहेर पडले. १९९२ मध्ये हरताना मजूर पक्षाला सुमारे १ कोटी १५ लाख मते होती. २००१ मध्ये ४१३ जागा जिंकताना सुमारे १ कोटी ७ लाख. पक्षाचे पुढारी जागा मोजत होते, आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होते.

गिऱ्हाईक कोठे जाणार, हा हिशेब तिसरे दुकान निघेपर्यंतच चालतो. स्कॉटलंडमध्ये स्कॉटिश नॅशनल पक्षाने ते काढले, आणि २०१० साली तेथे ४१ जागा असलेल्या मजूर पक्षाला २०१५ साली एकच उरली. २०२४ मध्ये स्टार्मर यांच्या नेतृत्वाखाली हा पक्ष ४११ जागा घेऊन पुन्हा सत्तेवर आला, तेव्हा त्याची एकूण मते २०१९ च्या पराभवातल्या मतांपेक्षाही कमी होती. मी हे आकडे सरांना दाखवले. ते म्हणाले, “मग रेघ पुसून टाकू या का?” मी नको म्हटले, फक्त टोकांनाही एकेक ठिपका काढावा, अशी विनंती केली.